विश्लेषण : प्लग स्वस्त, चूक महाग! रिक्षा-स्कूटरचा स्पार्क प्लग कसा निवडावा?

सर्व्हिसिंगमध्ये सर्वात कमी किमतीचा भाग म्हणजे स्पार्क प्लग. म्हणूनच त्याची निवड सर्वात बेफिकिरीने होते. या बेफिकिरीची किंमत मात्र अनेकदा ज्याच्या हाती निर्णय नसतो, त्याच्या खिशातून जाते.

हा प्रश्न उपनगरांचाच का?

मुंबईत रिक्षा धावतात त्या वांद्रे आणि शीवच्या पलीकडेच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमध्ये स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास या लहान इंजिनांवरच चालतो. रिक्षा आता सीएनजीवर धावत असल्या, तरी त्यांचे इंजिन पेट्रोल इंजिनाच्याच कुळातले आहे. इंधन पेटते ते ठिणगीनेच. त्यात सामान पोहोचवणाऱ्यांच्या स्कूटर, सोसायटीतला पाण्याचा पंप आणि मंडपामागचा लहान जनरेटर यांची भर.

एस. व्ही. रोड असो की एलबीएस मार्ग, गाडी थांबत थांबतच चालते. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. जवळच्या फेऱ्या आणि सततचे सिग्नल यांत ते पुरेसे तापत नाही, काजळी साचते आणि गाडी ‘मिसिंग’ मारू लागते. पावसाळ्यात प्लगच्या टोपीत ओल शिरली की दुखणे वाढते.

प्लग नेमके काय काम करतो?

चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६ हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० वेळा इंधन पेटवावे लागते. यातली काही वेळ चुकली, तर ते इंधन न जळताच बाहेर पडते. अ‍ॅव्हरेज घटते, पिकअप जातो आणि धूर वाढतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांतल्या गाड्यांत नुकसान आणखी पुढे जाते. न जळलेले इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो अति तापतो आणि निकामी होतो. त्याच्या किमतीत कित्येक प्लग येतील.

निवडताना काय पाहायचे?

पहिली गोष्ट आट्यांचा व्यास आणि लांबी. आटे गरजेपेक्षा लांब असतील तर टोक पिस्टनला लागू शकते. आखूड असतील तर ठिणगी आतच दबते आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत कार्बन साचतो. ‘बसला म्हणजे चालला’ हा हिशेब इथेच फसतो.

दुसरी गोष्ट उष्णता श्रेणी, म्हणजे प्लग स्वतःतली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो. जास्त ‘गरम’ प्लगचे टोक ८५० अंशांच्या पुढे गेले, तर ठिणगीआधीच इंधन पेटते आणि पिस्टनला धोका होतो. जास्त ‘थंड’ प्लग काजळी धरतो. मोठा गोंधळ इथेच आहे. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे. त्यामुळे ‘एका कंपनीचा ६ नाही, तर दुसरीचा ६ लावू’ हे चालत नाही. लहान जनरेटर आणि पंपांत सर्रास दिसणाऱ्या एनजीके ‘बीपीआर६ईएस’चा बॉशमधला जोडीदार ‘डब्ल्यूआर७डीसी’ आहे. आकडे जुळवण्याऐवजी कंपनीचा तक्ता पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

तिसरी गोष्ट गॅप. ‘सीपीआर८ईए-९’ या क्रमांकातला शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त विद्युतदाब लागतो. गॅप वाढलेली असेल, तर तिथे ठिणगी आधी चुकते. क्रमांकातला ‘आर’ रेझिस्टर दाखवतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बिगर-रेझिस्टर प्लग लावला, तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत व्यत्यय येऊ शकतो.

इरिडियमचा प्लग घ्यावा का?

इरिडियम निकेलपेक्षा खूपच उशिरा वितळतो, म्हणून त्याचे टोक बारीक ठेवता येते आणि तो जास्त टिकतो. कंपनीने सांगितला असेल तर जरूर घ्यावा. पण रिंगा झिजून तेल वर येत असलेल्या इंजिनात महागडा प्लगही साध्या प्लगसारखाच खराब होतो. तिथे पैसे इंजिनावर खर्चावेत.

जुना प्लग काय सांगतो?

टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट ओले टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची झीज. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन तापते आहे. म्हणून प्लग बदलल्यावर जुना फेकण्याआधी पाहायला हवा. पॉलिश पेपरने घासून तोच परत बसवला, तर दुखण्याची खूण तेवढी पुसली जाते.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नये, बदलावा. ऑइल घेताना गिअरच्या मोटारसायकलला ‘जासो एमए’ आणि बिनगिअरच्या स्कूटरला ‘एमबी’ हा दर्जा पाहावा. नवा प्लग आधी हाताने फिरवावा, वॉशर टेकल्यावरच पाना लावावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आटे गेले की काम लेथवर जाते.

ई-२० पेट्रोलचा दोष किती?

हल्ली प्रत्येक तक्रार इथेनॉलवर ढकलली जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज आहे. घट त्याहून बरीच जास्त असेल, तर आधी प्लग आणि फिल्टर तपासावेत. इथेनॉल ओलावा शोषते, हे मात्र खरे. म्हणून महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या जनरेटरच्या टाकीत पेट्रोल ठेवू नये.

मग चूक कोणाची?

सारा दोष गॅरेजवाल्यावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शहरातल्या अनेक रिक्षा भाड्याने चालतात. भाडे आणि गॅस चालकाचा, मोठा देखभाल खर्च सहसा मालकाचा. प्लगमध्ये बचत होते ती मालकाची, जास्त गॅस जळतो तो चालकाचा. ‘लोकल माल’ यामुळेच खपतो. मालकाने प्लग ठरल्या किलोमीटरला बदलावा आणि जुना प्लग चालकाला दाखवावा, एवढे रिक्षा संघटनांनी ठरवले तरी फरक पडेल.

दुसरी जबाबदारी कंपन्यांची. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, वाहन क्षेत्रही त्यात आहे. पण पोर्टल शोधायला रांगेतल्या चालकाला वेळ नसतो. टायरमधल्या हवेचा दाब गाडीवर छापतात, तसा प्लगचा क्रमांक, गॅप आणि ऑइलचा दर्जा मराठीत सीटखाली छापायला काय हरकत आहे? खर्च एका स्टिकरचा आहे. तोवर निदान दुकानात ‘एक प्लग द्या’ असे न म्हणता क्रमांक सांगून मागावा, बिल घ्यावे आणि टोक मध्यभागी आहे का, एवढे डोळ्यांनी पाहावे.