बांधावरची रिकामी जागा

जोगेश्वरी स्थानकाच्या दोन्ही अंगांना सकाळपासून भाजीचा बाजार गजबजू लागतो. नाशिककडची कोबी आणि फ्लॉवर, जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो, पालघरच्या पट्ट्यातील पालेभाजी असे अर्धे महाराष्ट्रदर्शन या पाचपन्नास पावलांत घडते. गृहिणी भेंडीचे टोक मोडून ती कोवळी आहे की जून, हे पाहते. वांग्याला छिद्र नाही ना, याची खात्री करते. पाच रुपयांसाठी घासाघीस करते आणि पिशवी भरून घरी जाते. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे. मात्र एक प्रश्न या बाजारात कधी विचारला जात नाही. ही भेंडी ज्याने पिकवली, त्याला तिच्यावरील किडीसाठी काय फवारावे, किती फवारावे आणि फवारल्यानंतर किती दिवस तोडा करू नये, हे कोणी सांगितले?

वरवर पाहता हा प्रश्न शेतकऱ्याचा वाटतो. वस्तुतः तो त्या पिशवीचाही आहे. भेंडीचा तोडा सामान्यतः एक दिवसाआड करावा लागतो. तोडा लांबला की शेंग जून होते आणि भाव पडतो. उलट, फवारणी आणि काढणी यांच्यात प्रत्येक औषधानुसार ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते. शास्त्राचे गणित आणि बाजाराचे गणित येथे एकमेकांसमोर उभे ठाकते. अशा वेळी बांधावर उभे राहून 'हे औषध तोडणीच्या काळात नको, त्याऐवजी हा उपाय करा' असे सांगणारा जाणता माणूस हवा असतो. तो माणूस म्हणजेच कृषी विस्तार. प्रयोगशाळेतील ज्ञान शेतापर्यंत आणि शेतातील अडचण प्रयोगशाळेपर्यंत नेणारी ही व्यवस्था आज आपल्या राज्यात कोणत्या अवस्थेत आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

महाराष्ट्राला या विषयाची जाण नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याच्या अविद्येत शोधले होते. विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी केंद्रीय कृषिमंत्री असताना, १९५९-६०मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, त्यामागची दृष्टीही ज्ञान शेतकऱ्याच्या नजरेस पडावे, हीच होती. पुढे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. नागपुरात कापसाची आणि पुण्यात द्राक्षाची राष्ट्रीय संशोधन संस्था आली. एवढे ज्ञानभांडार असणारी राज्ये देशात थोडीच असतील.

मग हे ज्ञान अडते कोठे? याचे उत्तर राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३मध्येच देऊन ठेवले आहे. त्या पाहणीत देशातील अवघ्या ४० टक्के शेतकरी कुटुंबांनी आधुनिक तंत्राची माहिती कोणत्या ना कोणत्या मार्गाने मिळाल्याचे सांगितले. त्यातही १६.७ टक्क्यांना ती दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून मिळाली, १३.१ टक्क्यांना बियाणे-औषधांच्या दुकानदाराकडून आणि १३ टक्क्यांना आकाशवाणीवरून. शासकीय विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारी कुटुंबे होती फक्त ५.७ टक्के! दहा वर्षांनी, २०१३च्या पाहणीतही तांत्रिक सल्ला मिळालेल्या कुटुंबांचे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपासच राहिले. याचा अर्थ स्पष्ट आहे. बांधावरची सल्लागाराची जागा रिकामी राहिली आणि ती दुकानदाराने भरून काढली.

दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. तो गावात असतो, रात्री-अपरात्री दार उघडतो, उधार देतो आणि पाने खुडून आणलेल्या शेतकऱ्याला पाच मिनिटांत उत्तर देतो. शासकीय यंत्रणेला यातील एकही गोष्ट नियमाने जमलेली नाही. तथापि, विकणारा आणि सल्ला देणारा एकच असला, की सल्ल्याचे माप बाटलीने मोजले जाते, हेही तितकेच खरे. वैद्याचा आणि औषधविक्रेत्याचा गल्ला एक झाला तर रोग्याचे काय होईल, हे सांगण्यास पंडित लागत नाही.

याची भीषण किंमत यवतमाळ जिल्ह्याने २०१७च्या पावसाळ्याअखेरीस मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कपाशी डोक्याच्या उंचीला पोहोचलेली, उकाडा असह्य, तोंडाला साधा रुमाल, हातमोजे नाहीत आणि पंपात एकापेक्षा अधिक औषधांचे मिश्रण! कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्या मजुराच्या पाठीवर तो पंप होता, त्याला या चार रंगांचा अर्थ कोणी समजावून सांगितला होता काय? विशेष तपास पथक नेमले गेले, गुन्हे नोंदवले गेले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. हे सारे चिता विझल्यानंतरचे उपाय होते.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशी पोखरून टाकली. वास्तविक या अळीचा जीवनक्रम शास्त्रज्ञांना पूर्ण ठाऊक होता. पावसाळ्याआधीची लागवड टाळावी, कामगंध सापळे लावून पतंगांची संख्या मोजत राहावे, डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या शेतात साठवू नयेत, एवढ्या चार-पाच गोष्टींत तिच्या बंदोबस्ताचे सार आहे. यातील एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती गावातील सर्वांनी एकाच वेळी करण्याची शिस्त; कारण एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने फरदड राखली, तर पतंगाला बांध अडवीत नाही. अशी सामूहिक शिस्त जाहिरातीने येत नाही आणि औषधाच्या बाटलीतूनही येत नाही. गावात वारंवार जाणारा, शेतकऱ्यांच्या विश्वासातला माणूसच ती आणू शकतो.

असा माणूस एके काळी होता. ऐंशीच्या दशकात 'प्रशिक्षण आणि भेट' योजनेत ग्रामपातळीवरील विस्तार कार्यकर्त्याचे गाव, वार आणि संपर्क शेतकरी ठरलेले असत. पंधरवड्यातून एकदा तो स्वतः प्रशिक्षण घेई आणि उरलेल्या दिवसांत ते बांधावर पोहोचवी. त्या योजनेत यांत्रिकपणा होता, खर्चही मोठा होता. जागतिक बँकेचा निधी आटला तशी ती विरून गेली. १९९८मध्ये राज्याच्या कृषी खात्याने मृदसंधारण, फलोत्पादन आणि विस्तार या शाखा एका छत्राखाली आणल्या. शेतकऱ्याला दहा दारे ठोठवावी लागू नयेत, हा हेतू उत्तम होता. परिणाम मात्र असा झाला, की खालच्या एकाच माणसाच्या खांद्यावर सगळ्या शाखांचे ओझे आले. अनेक दशके 'कृषी सहायक' या नावाने ओळखला गेलेला हा कर्मचारी आज नुकसानीचे पंचनामे करतो, अनुदानाची प्रकरणे हाताळतो, पीक कापणी प्रयोगाला उभा राहतो आणि विविध संकेतस्थळांवर माहिती भरतो. त्यातून वेळ उरलाच, तर तो वांग्याचे पान उलटून पाहणार! दोष त्याच्या निष्ठेचा नाही, त्याच्या दिनक्रमाचा आहे.

यंत्राने माणसाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४पासून चालू आहे. तेथे निःशुल्क दूरध्वनी करून मराठीत विचारता येते. राज्याने २००९पासून कीड-रोग सर्वेक्षणाचा 'क्रॉपसॅप' प्रकल्प राबवला. २०२५मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले 'महाविस्तार' हे मोबाइल अ‍ॅपही आले. ही साधने स्वागतार्ह आहेत, त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. पण साधन हे हात लांब करते, डोळ्यांची जागा घेत नाही. २०१४मध्ये टोमॅटोवरील 'टुटा' ही परदेशी नागअळी देशात प्रथम पुण्याकडे आढळली. २०२०मध्ये जुन्नर, अकोले, संगमनेर भागांत टोमॅटोची फळे रंग बदलू लागली आणि शेतकरी तिला 'तिरंगा' म्हणू लागले, तेव्हा नमुने बंगळूरच्या प्रयोगशाळेपर्यंत पाठवावे लागले. नवे संकट प्रथम शेतातच दिसते. ते ओळखून वेळीच हाक देणारा माणूस तेथे नसेल, तर सर्वात हुशार यंत्रालाही त्याची वार्ता उशिरानेच लागणार.

हे चित्र केवळ काळेच आहे, असे मात्र नव्हे. जोगेश्वरीहून जाणारा पश्चिम रेल्वेचाच मार्ग धरून डहाणूच्या पुढे घोलवडपर्यंत गेले, की कोसबाडची टेकडी लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वनवासी बालकांसाठी जेथे शिक्षणाचा यज्ञ मांडला, तीच ही टेकडी. गोखले एज्युकेशन सोसायटीने तेथे कृषी संस्था काढली आणि १९७६मध्ये तेथेच कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले. देशातील पहिले केंद्र १९७४मध्ये पुदुच्चेरीला निघाले होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत हे घडले. वारली शेतकऱ्याच्या पोटापाण्याशी शास्त्राची सांगड घालणाऱ्या जयंतराव पाटील यांचे नाव या टेकडीशी कायमचे जोडले गेले आहे. बाभळेश्वर, बारामती, नारायणगाव येथील केंद्रे, आंबेजोगाईचे दीनदयाळ शोध संस्थानचे केंद्र, ही सारी शासनाच्या निधीवर पण संस्थांच्या निष्ठेवर चालणारी उदाहरणे आहेत. जेथे समाजाने हात लावला, तेथे विस्तार रुजला, असाच याचा मथितार्थ.

दुसरे उदाहरण द्राक्षाचे. २००३मध्ये औषधांच्या अवशेषांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांवर बालंट आले. बागायतदार संघ, पुण्याचे संशोधन केंद्र आणि 'अपेडा' यांनी एकत्र येऊन कोणते औषध, कधी आणि काढणीपूर्वी किती दिवस, याचे वेळापत्रक बांधले. बागांची नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी सुरू केली. २००६पासून 'ग्रेपनेट'द्वारे निर्यातीच्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येऊ लागला. मराठी शेतकऱ्याला शिस्त जमत नाही, हा आक्षेप त्याने कृतीने खोडून काढला. प्रश्न एवढाच उरतो, की रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी जे घडते, ते जोगेश्वरीच्या ग्राहकासाठी का घडू नये? परक्याच्या पानात वाढताना आपण जी दक्षता घेतो, ती घरच्या पानासाठी नको काय?

यासाठी आभाळ कोसळेल असे काही करावे लागणार नाही. विस्तार कर्मचाऱ्याची कागदी कामे वेगळ्या यंत्रणेकडे देऊन आठवड्यातील ठरावीक दिवस त्याला केवळ बांधासाठी मोकळे करावे. गावोगावच्या शेतीशाळा हंगामभर चालाव्यात. २०२५च्या मे-जूनमध्ये शास्त्रज्ञांना गावी नेणारे पंधरवड्याचे देशव्यापी अभियान झाले, ते उत्तमच होते, परंतु कीड पंधरवडा पाहून येत नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी पदविका सुरू केली. तिचा प्रसार वाढवावा आणि दुकानदाराने औषधाबरोबर मात्रा व काढणीपूर्व कालावधी लिहिलेली मराठी चिठ्ठी देण्याची रीत पाडावी. फवारणी करणाऱ्या मजुराला त्या चार रंगांचा अर्थ कळल्याशिवाय त्याच्या पाठीला पंप लावू नये.

आणि ग्राहकाने काय करावे? नितळ, डागविरहित, चकचकीत भाजीचा हट्ट तोच धरतो आणि त्या हट्टापायी शेवटची अनावश्यक फवारणी होते, हे त्याने ओळखावे. राज्यात २०१६मध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले. कांदा, मुळा, भाजी यांतच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या त्या संताचे नाव घेऊन भरणाऱ्या बाजारात तरी पिकवणारा आणि खाणारा यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलावे. उपनगरातील एखाद्या गृहसंकुलाने एका शेतकरी गटाशी वर्षभराचे नाते जोडले, त्याचे शेत पाहिले, योग्य भाव दिला आणि फवारणीची नोंदवही मागितली, तर ती मागणी शंभर परिपत्रकांहून प्रभावी ठरेल. जोगेश्वरीला तर शेत पाहायला लांब जाण्याचेही कारण नाही. पूर्वेला लागूनच असलेल्या आरेच्या पाड्यांवर वारली कुटुंबे आजही भात आणि भाजीपाला पिकवतात, पावसाळ्यात रानभाज्या खुडतात. महानगराच्या कुशीत टिकून राहिलेले ते ज्ञान पुस्तकात शोधावे लागत नाही, विचारावे लागते.

शेतकऱ्याला अन्नदाता म्हणून वंदन करण्यात आपण कधी कुचराई करत नाही. पण वंदनाने कीड मरत नाही आणि विषबाधा टळत नाही. त्याला हवा आहे तो वेळेवर मिळणारा, विक्रीच्या हेतूने न डागळलेला एक खरा शब्द. तो शब्द पोहोचवणारा माणूस बांधावर पुन्हा उभा करणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे समाजाचे. भेंडीचे टोक मोडून पाहणाऱ्या हाताने आता एवढा एक प्रश्नही विचारायला शिकले पाहिजे.