पहिला घास बेताचा

अवर्षण आणि यादवी यांनी होरपळलेल्या दक्षिण सोमालियात २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अन्नदुर्भिक्ष जाहीर केले. अशा ठिकाणी अतिकुपोषित, आजारी बालकांना प्रथम भरपेट अन्न देत नाहीत. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे विशेष दूध पाजतात. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम घटून हृदयास धोका पोहोचतो. बालक सावरल्यावर शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट देतात. पुढे घरी दूध मिळावयाचे तर शेळी जगली पाहिजे. म्हणून मदतीत चारा आणि जनावरांची लसही असते.

आपल्या घरातील वृद्धांनी आजारपणात अनेक दिवस अन्न टाकले असेल, तर आग्रहाने भरवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार हळूहळू वाढवा.