वय हा नकाराचा शिक्का नव्हे

‘साठी उलटली, आता अस्थिमज्जेचे ट्रान्सप्लांट कशाला? प्रतिकारशक्ती थोडीच परत येणार!’ रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला हा सल्ला अनेकदा ऐकावा लागतो. ट्रान्सप्लांट झालेच, तर दुसरे मत पुढे येते: ‘काउंट आला, पेशंट बरा झाला.’ दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात.

पहिल्या मतामागे एक सत्य आहे. विषाणूंशी लढणाऱ्या टी-पेशी थायमस ग्रंथीत घडतात, आणि वाढत्या वयाबरोबर ही ग्रंथी आक्रसत जाते. १९९५ साली क्रिस्टल मॅकॉल व सहकाऱ्यांनी तीव्र केमोथेरपीनंतर १ ते २४ वर्षे वयाचे रुग्ण तपासले. त्या तरुण वयोगटातही, वय जितके जास्त तितक्या सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी सावकाश परतत होत्या. पण सावकाश म्हणजे कधीच नाही, असा अर्थ काढणे चूक आहे. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, ते एका लहान मुलीवर. पुढे प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र औषधोपचाराऐवजी सौम्य पूर्वतयारी आली आणि साठी ओलांडलेल्यांनाही हा मार्ग खुला झाला.

दुसऱ्या मताचे खंडन रक्ततपासणीच करते. घरी सोडताना पाहिला जाणारा काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची असते. त्या पेशी साधारण २ ते ४ आठवड्यांत परततात. टी-पेशींना मात्र वर्ष-दोन वर्षे, उतारवयात त्याहूनही जास्त काळ लागतो. तेवढ्या काळात नागीण आणि सायटोमेगॅलो विषाणू डोके वर काढतात.

म्हणून वयाने उपचाराचे दार बंद करू नये, काळजीची मुदत ठरवावी. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि दात्याचे वय पाहून निर्णय व्हावा. विषाणूरोधक औषधे मध्येच सोडू नयेत. लहानपणीच्या लसींचे संरक्षण बहुधा ओसरते, म्हणून त्या पुन्हा घ्याव्यात. जिवंत लसी मात्र दोन वर्षांनंतर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबल्यावर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

या काळजीला संशोधनाचीही जोड हवी. बंगळुरूत इनस्टेम ही मूलपेशी-संशोधन संस्था आहे. तिचेच एक केंद्र वेल्लूरच्या सीएमसी या रुग्णालय चालवणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात काम करते. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांची अशी जोडणी देशभर हवी, आणि तिने म्हाताऱ्या थायमसचा प्रश्न आघाडीवर घ्यावा. तोवर प्रत्येक वृद्ध रुग्णाला दोन गोष्टी मिळायलाच हव्यात: शरीराची रीतसर तपासणी, आणि ट्रान्सप्लांटनंतर किमान दोन वर्षांच्या काळजीचे वेळापत्रक.