ढोलीतला धनेश आणि डोळस श्रद्धा

पक्षी पाहायला निघालेल्या माणसाला आज काय दिसणार हे ठरवता येत नाही. अवचित काही समोर येते आणि हात आपोआप जोडले जातात. हा आनंद भाबडा म्हणून हिणवला जातो, पण कसून केलेल्या चिकित्सेतूनही तो मिळतो. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणी खात्रीने पाहिले नव्हते. १९१४ साली ते गुजरातेत मिळाल्याची ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची नोंद तेवढी होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला, तेव्हा तो जुनाच, चोरलेला निघाला. चिठ्ठी फक्त नवी होती. ती नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या मागावर गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा सकाळच्या उजेडात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

सृष्टी ही देवाची करणी मानणाऱ्याने म्हणूनच आधी ती नीट पाहायला हवी. उत्क्रांतीने पिसांचे रंग उलगडले की देवाचे काम संपते, असे काही जण म्हणतात. रंग कसा आला हे कळल्याने तो पाहायला मिळाल्याची कृतज्ञता कमी का व्हावी? श्रद्धेवरचा दुसरा आक्षेप जड आहे. लक्ष्मीचे वाहन मानलेल्या घुबडाचाच दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी बळी दिला जातो. हे लाजिरवाणे आहे. पण बळी देणाऱ्या माणसाने घुबड पाहिलेलेच नसते, त्याला दिसत असतो फक्त लाभ.

याच श्रद्धेने देवरायाही राखल्या. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला. तिथली झाडे देवाच्या धाकाने वाचली, पक्ष्यांच्या प्रेमाने नव्हे, हे मान्य. तरी कोकणात धनेश पक्ष्याला घरट्यासाठी लागणारी जुनी, ढोलीची झाडे त्यामुळेच उरली. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. ते झाड पडले तर त्या जोडीला दुसरी ढोली सहज मिळत नाही. आज धाक ओसरला आहे आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईत सिमेंट शिरते आहे. गावच्या देवळासाठी वर्गणी मागायला कुणी आले तर अवश्य द्या, पण त्याआधी विचारा : बांधकामात कोणते झाड जाणार, आणि त्याच्या ढोलीत कोण राहते?