रकाना उडवणाऱ्याचा दोष किती?

मार्चअखेरीच्या घाईत कुणीतरी ॲक्सेसमधली क्वेरी डिझाइनमध्ये उघडतो, यादीत नको असलेला रकाना उडवतो आणि 'सेव्ह' करून मोकळा होतो. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतला मासिक अहवाल उघडायचे सोडून 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' विचारत बसतो. मग सुरू होतो गुन्हेगाराचा शोध. डिझाइनची एकुलती एक फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाकून सगळ्यांना तीच उघडायला लावणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारत नाही.

आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे पासवर्ड. पण ज्याला नोंदी भरायच्या आहेत त्याला तो सांगावाच लागतो, आणि आत आलेला माणूस नोंद भरतो की फॉर्म मोडतो, याच्याशी पासवर्डाला देणेघेणे नसते. जुन्या एमडीबी फाइलींत कुणी काय बदलायचे हे माणसागणिक ठरवता येत असे. ॲक्सेस 2007 बरोबर आलेल्या एसीसीडीबीत ती सोयच उरली नाही.

खरा उपाय ॲक्सेसमध्येच आहे, तोही फुकट. फाइलीचे दोन भाग करायचे. टेबले सर्व्हरवर, फॉर्म, क्वेरी, अहवाल दुसऱ्या फाइलीत, आणि तिची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी. ही प्रत एसीसीडीई करून दिली की फॉर्म, अहवाल आणि कोड यांना हात लावता येत नाही. (मूळ एसीसीडीबी जपून ठेवावी. एसीसीडीईतून डिझाइन परत मिळत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.) क्वेरी मात्र एसीसीडीईतही बदलता येते. म्हणूनच कुलपापेक्षा वेगळी प्रत मोलाची: मोडली तर ज्याने मोडली त्याचीच मोडते, आणि नवी दिली की काम पुढे चालू.

बाकी बंदोबस्ताचा फार भरवसा धरू नये. नॅव्हिगेशन पेन लपवला, तरी शिफ्ट दाबून फाइल उघडली की तो समोर हजर. 'अलाउ बायपास की' बंद करून शिफ्टही अडवता येते. पण जाणकार माणूस दुसऱ्या फाइलीतून चार ओळींचा कोड चालवून ती पुन्हा सुरू करतो. हे अडसर चुकणाऱ्या हातासाठी आहेत, लबाड हातासाठी नाहीत.

आणि टेबलांची फाइल? ज्या फोल्डरमध्ये ती असते तिथे लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला द्यावाच लागतो. म्हणजे नोंद भरणारा कुणीही ती अख्खी फाइल पेन ड्राइव्हवर नेऊ शकतो. दुकानातल्या मालाच्या यादीला हे चालून जाईल. पगार आणि कर्जखाती मात्र एसक्यूएल सर्व्हरसारख्या ठिकाणीच हवीत. त्याची एक्सप्रेस आवृत्ती मोफत मिळते आणि ॲक्सेसचे फॉर्म त्याला जोडता येतात; थोडी दुरुस्ती लागते, इतकेच. तरीही सभासदांची खाती उघड्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या पतसंस्थेच्या संचालकांनी त्याचे कारण पुढच्या वार्षिक सभेत सांगावे.