गाणे घरात आले, गाणाऱ्या बाहेर राहिल्या

परवा बऱ्हाणपूरजवळच्या निंबोला गावी एका भजनाच्या कार्यक्रमास गेलो होतो. परत निघताना एका गृहस्थांनी बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, पोरीला गाणे शिकवावे म्हणतो. लोक नावे तर ठेवणार नाहीत ना?" प्रश्न जुनाच. आमचे वडील दरबारी गवई. पण त्यांनीही आमच्या थोरल्या बहिणीस कधी तंबोऱ्याजवळ बसू दिले नाही.

या प्रश्नास मुळातून हात घातला तो पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी. १८७२ साली कुरुंदवाडास जन्म. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी तालीम. एका समारंभाचे आमंत्रण आपल्याला आले, गुरूंना मात्र नाही, हे जिव्हारी लागून त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली, असे चरित्रकार सांगतात. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोणा संस्थानिकाच्या तनख्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर चालले. १९०८ मध्ये मुंबईस शाळा निघाली. पुढे ती कर्जात बुडाली, इमारतीचा लिलाव झाला. परंतु गाणे शिकणे हे अब्रूदार घरांतील मुलामुलींचे काम ठरले, ते ठरलेच.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गाण्याला प्रतिष्ठा देताना सुधारकांनी ते नायकिणी-कलावंतिणींपासून दूर नेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-दादरा राखला, त्यांची नावे वर्गात निघेनाशी झाली. वास्तविक केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी खयालाचे शिखर गाठले ते गोव्याच्या कलावंत समाजातूनच येऊन. बऱ्हाणपूरकरांना तर वेगळे सांगावयास नकोच. तापीपलीकडच्या जैनाबादची हिराबाई ही गायिका. औरंगजेब तिच्यावर भुलला, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. ती काय गात होती, याची चौकशी कोणी करीत नाही.

सुधारकाचे ऋण मानावे, आणि त्याने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांना आपण आत घ्यावे. सुधारणा पुढे चालते ती अशीच. परीक्षेस बसणाऱ्या मुलीला पलुसकरांबरोबर या गाणाऱ्या बायकांचीही नावे आली पाहिजेत.

निंबोल्याच्या त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "अवश्य शिकवा." घरी आलो आणि पन्नाशी उलटलेल्या बहिणीपुढे प्रारंभिक परीक्षेचा अर्ज ठेवला. उशीर झाला आहे खरा. पण तिचा सूर अजून पक्का आहे.