फिश टँकमधील रोपांसाठी दिवा विका, पण खरे सांगून विका

फिश टँकची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. यवतमाळ, पुसद, वणीकडील मध्यमवर्गीय घरांतही काचेची पेटी दिसते आणि प्लास्टिकच्या झाडांऐवजी खरी रोपे लावावीत असे अनेकांना वाटू लागले आहे. या हौसेबरोबर एक नवा माल दुकानात आला आहे, तो म्हणजे रोपे वाढविणारा एलईडी दिवा. माल चांगला आहे आणि धंद्यालाही वाव आहे. मात्र तो ज्या रीतीने विकला जातो, त्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

पुष्कळदा घडते ते असे. दुकानदार गुलाबी-जांभळ्या प्रकाशाचा महागडा दिवा पुढे करतो आणि याच्याशिवाय रोप जगणार नाही असे सांगतो. गिऱ्हाईक तो हौसेने नेते, सकाळपासून रात्रीपर्यंत जाळते. महिन्याभरात काच शेवाळाने हिरवी होते, रोपे सडतात आणि पेटी माळ्यावर जाते. दुकानदाराला एका दिव्याचा नफा मिळतो, पण मासे, खाद्य आणि फिल्टरसाठी वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक कायमचे तुटते. आमच्या मते हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे.

वस्तुस्थिती काय आहे? वनस्पतीला निळा आणि तांबडा प्रकाश विशेष उपयोगी पडतो, हे खरे. पण साध्या पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच दिवा असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे त्यातील काही प्रकाश पिवळा, तांबडा होऊन बाहेर पडतो. म्हणजे रोपाला हवे ते पांढऱ्या दिव्यातही आहे. हा निळा एलईडी घडविणाऱ्या अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, पाणवनस्पतींनी टँक सजविण्याची कला जगभर नेणाऱ्या जपानी कलाकाराचे आडनावही अमानोच, ताकाशी अमानो. २०१५ साली ते वारले. त्यांची गाजलेली कामे एलईडीपूर्वीच्या ट्यूबलाइट आणि मेटल हॅलाइड दिव्यांखालीच उभी राहिली होती. तेव्हा रंगीत दिव्याची जादू ही गोष्ट कोणी फार मनावर घेऊ नये.

आता हिशेब पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. सोप्या रोपांना लिटरमागे २० ल्युमेन प्रकाश पुरतो, असा शौकिनांचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे ११०० ल्युमेन झाले. एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. तेव्हा ११-१२ वॅटचा पांढरा दिवा, खोक्यावर ६५०० केल्विन किंवा ‘कूल डे लाइट’ लिहिलेला, एवढ्यात काम भागते. तो रोज आठ तास जाळला तर महिन्याला सुमारे तीन युनिट वीज लागते. जुनी ४० वॅटची ट्यूबलाइट चोकसह जवळपास १२ युनिट खात असे. आठ तासांहून अधिक दिवा ठेवला, तर रोपापेक्षा शेवाळाचेच फावते. एवढे एक वाक्य दुकानदाराने सांगितले, तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

आपल्या जिल्ह्याला ही रोपे आणखी एका कारणाने सोयीची आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने भीषण पाणीटंचाई सोसली. अशा ठिकाणी पाणी वारंवार बदलावे लागणारी हौस परवडत नाही. रोपे माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतात, त्यामुळे पाणी अधिक काळ टिकते. काढलेले पाणी कुंड्यांना घातले तर खताचे काम करते. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते, पण व्हॅलिस्नेरियासारखे रोप ते सहज सोसते. मे महिन्याच्या उन्हात पाणी आधीच तापते, त्यात एलईडीची उष्णता जुन्या बल्बपेक्षा कमी, हाही फायदाच.

कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट आणि मुंबईतील कुर्ला हे या मालाचे नावाजलेले बाजार. तिथून विदर्भात येईपर्यंत नाजूक रोपे कोमेजतात. मग ती इथेच का वाढवू नयेत? चार जुन्या पेट्या, पांढरे दिवे आणि थोडा धीर असला की एका घरात रोपांची विक्री सुरू होऊ शकते. इलेक्ट्रिकचे काम जाणणाऱ्या तरुणांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर १२ व्होल्टचे एलईडी बसवून दिवे तयार करावेत. पाण्याजवळ २३० व्होल्टचा उघडा होल्डर लटकविणे जिवावर बेतू शकते. म्हणून दिवा १२ व्होल्टचाच असावा, ॲडॉप्टर पेटीपासून दूर असावा आणि वायर प्लगच्या खालून वळवून वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

एक जबाबदारी मात्र विसरता कामा नये. वाढलेली रोपे बेंबळा, अरुणावती किंवा पूस धरणात, नाल्यात टाकू नयेत. आपल्याकडे साधी वाटणारी हायड्रिला ही पाणवनस्पती १९५० च्या दशकात फिश टँकच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात गेली आणि तेथील तळी, कालवे तिने व्यापून टाकले. आपल्याकडची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, तीही शोभेची म्हणूनच देशोदेशी पोहोचली. नको असलेली रोपे उन्हात पूर्ण वाळवून खताच्या खड्ड्यात टाकावीत, हेही विकणाऱ्यानेच सांगायला हवे.

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच आहे. दिवा जरूर विका, पण त्याच्याबरोबर वॅट, तास आणि रोपाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून द्या. ज्याला स्वस्त दिवा पुरतो, त्याला महाग गळ्यात मारू नका. लहान गावात दुकानाची जाहिरात गिऱ्हाईकच करते, आणि ज्याच्या पेटीतील रोप वर्षभर हिरवे राहते, ते दहा जणांना त्याच दुकानाचा पत्ता सांगते.